एक आकडा, दोन वाटा : संततिनियमनाची साधने आणि प्रादेशिक जन्मदर



ज्या शाळेच्या बाकांवर मी बसलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल संस्थेचा मी ऋणी आहे. ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या मुख्याध्यापिका बाईंनीच मला इतिहासाची गोडी लावली. इतिहास राजांच्या दरबारात घडतो तसाच माजघरातही घडतो, असे त्या आम्हांला सांगत. आजचा विषय त्या माजघरातल्या इतिहासाचाच आहे. तो उघडपणे बोलण्याचा नाही असे आपल्याकडे पुष्कळ काळ मानले गेले. तरीही मी तो निवडला, कारण या विषयावरचे आपले बरेचसे बोलणे एका चुकीच्या समजुतीवर उभे आहे, असे मला वाटत आले आहे.

आरंभ एका प्रसंगाने करतो. १९९१ च्या जनगणनेत अनेक शिक्षकांप्रमाणे माझ्याकडेही प्रगणकाचे काम आले. अंबरपेठच्या बाजूची एक वस्ती माझ्या वाट्याला होती. तेथे पालमूरकडून, म्हणजे महबूबनगर जिल्ह्यातून, बांधकामाच्या मजुरीसाठी आलेली कुटुंबे राहत. त्या वर्षीच्या पत्रकात विवाहित स्त्रियांना दोन प्रश्न विचारायचे होते : जिवंत जन्मलेली मुले किती, आणि आज हयात किती? एका घरात सासू दाराशी बसली होती. तिने बोटे मोडत मोजले आणि सांगितले, ‘नऊ झाली, चार राहिली.’ मग सुनेला विचारले. ती म्हणाली, ‘दोन.’ मी पुढचा रकाना भरू लागलो, तेव्हा विचारले नसतानाही तिने तेलुगूत एक वाक्य जोडले, ‘आपरेशन अयिपोयिंदि.’ म्हणजे ऑपरेशन उरकले. मी तिचे वय विचारले. ती बावीस वर्षांची होती.

नऊवरून दोनवर येण्याचा तो प्रवास एका उंबरठ्यावर, एका पिढीत झालेला मी पाहिला. घरी परतताना समाधान वाटत होते, आणि समाधानाबरोबर एक टोचणीही होती. बावीस वर्षांच्या मुलीने आपल्या आयुष्यातला एक मोठा अध्याय ‘उरकला’ असे म्हणावे, हे मनाला खटकत होते. ती टोचणी कशाची होती हे समजायला मला बरीच वर्षे लागली. आजचे व्याख्यान हा त्या उत्तराचा आलेख आहे.

समजूत आणि तिचे गणित

संततिनियमनाची साधने जितकी अधिक पसरतील तितका जन्मदर खाली येईल, ही सर्वसाधारण समजूत आहे. समजूत अगदीच खोटी नाही. परंतु ती खरी असेल, तर साधने वापरणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण जेथे सारखे, तेथे जननदरही जवळपास सारखा हवा. प्रत्यक्षात काय दिसते, ते पाहू.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करतो. जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे जन्म. एकूण जननदर म्हणजे सध्याचे प्रमाण कायम राहिल्यास एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी अपत्ये. हा दर २.१ च्या आसपास आला की एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा जेमतेम भरून काढते.

१९९२-९३ मध्ये पहिले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात आंध्र प्रदेशातील सुमारे ४७ टक्के विवाहित जोडपी संततिनियमनाचे कोणते ना कोणते साधन वापरत होती. गोव्यात हेच प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. दोन्ही आकडे जवळजवळ एकच. परंतु आंध्रचा एकूण जननदर २.६ आणि गोव्याचा १.९ होता. पंजाबात तर ५९ टक्के जोडपी साधने वापरत होती, आणि तेथील जननदर होता २.९. म्हणजे सर्वांत जास्त वापर करणाऱ्या प्रांतात मुले सर्वांत अधिक आणि गोव्यासारख्या मध्यम वापराच्या प्रांतात सर्वांत कमी, असा उलटा देखावा तेथे दिसला. नमुना नोंदणी योजनेच्या आकड्यांतही हेच अंतर आढळते. १९९१ साली भारताचा जन्मदर हजारी २९.५, आंध्रचा २६ आणि केरळचा १८.३ होता.

आता तेरा वर्षे पुढे येऊ. २००५-०६ च्या तिसऱ्या सर्वेक्षणात आंध्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचा जननदर १.८ असा एकच आला. मात्र आंध्रात सुमारे ६८ टक्के जोडपी साधने वापरत होती, तर गोव्यात तेच जुने ४८ टक्के. पहिल्या वेळी वापर सारखा आणि जननदर वेगळा होता. दुसऱ्या वेळी जननदर सारखा आणि वापर वेगळा झाला. साधनांची टक्केवारी आणि जन्मदर यांच्यामध्ये आणखी काहीतरी उभे आहे, हे यावरून स्पष्ट होते. ते काय, हा माझ्या विषयाचा गाभा आहे.

साधनांच्या आधीचा विचार

या प्रश्नाचा विचार आपल्या भाषेत फार लवकर सुरू झाला, याचा मराठी माणसाला रास्त अभिमान वाटावा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी त्यांना महाविद्यालयातील प्राध्यापकी गमवावी लागली. १९२७ च्या जुलैपासून १९५३ साली मृत्यू होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसारासाठी एक अशासकीय ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्यांचे सहकारी रोहम यांनी सभागृहात मांडले. ठराव फेटाळला गेला. शेजारच्या म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी केंद्रे उघडली होती.

रघुनाथरावांच्या लेखनातील एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. देशाची लोकसंख्या कमी करणे हा त्यांच्या विचाराचा केंद्रबिंदू नव्हता. स्त्रीला तिच्या शरीरावर हक्क असावा, नको असलेले मातृत्व तिच्यावर लादले जाऊ नये, आणि तिच्या सुखाचाही विचार व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. जन्मदर उतरणे हा त्यांच्या दृष्टीने त्या हक्काचा परिणाम होता. पुढे सरकारी कार्यक्रम आला तेव्हा हा क्रम उलटला. जन्मदर उतरवणे हे उद्दिष्ट झाले आणि स्त्री हे त्याचे साधन झाले. आपल्या देशातील संततिनियमनाचा इतिहास पुष्कळसा या उलटलेल्या क्रमाचा इतिहास आहे.

खन्ना येथील धडा

१९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असा शासकीय कार्यक्रम सुरू करणारा हा जगातील पहिला देश. त्याच दशकात पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात खन्ना या गावाच्या परिसरात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक मोठा प्रयोग केला. काही खेड्यांत घरोघरी जाऊन गर्भनिरोधक गोळ्या वाटल्या आणि काही खेडी तुलनेसाठी तशीच ठेवली. लोकांनी आलेल्या पाहुण्यांचा मान राखला, गोळ्या घेतल्या, आणि बहुतेकांनी त्या वापरल्या नाहीत. जेथे गोळ्या वाटल्या तेथील जन्मदर आणि जेथे वाटल्या नाहीत तेथील जन्मदर यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. १९६९ साली संशोधक पुन्हा गेले तेव्हा त्या भागातील जन्मदर काहीसा उतरलेला आढळला. परंतु त्याचे मोठे श्रेय मुलींचे लग्नाचे वय वाढले, या गोष्टीकडे जात होते.

महमूद ममदानी या अभ्यासकाने १९७२ मध्ये या प्रयोगाची कठोर चिकित्सा केली. ज्या शेतकऱ्याला शेतावर राबायला हात हवेत आणि म्हातारपणी आधार हवा, तो मुले अज्ञानाने होऊ देत नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यांचे सगळेच पटत नाही, कारण त्या हिशेबात सुनेचे मत कोणी विचारलेले नसते. परंतु ज्याला थांबायचे नाही त्याच्या हाती साधन दिल्याने जन्मदर उतरत नाही, हा खन्नाचा धडा पक्का आहे.

जॉन बोंगार्ट्‌स या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७८ साली हेच गणिती रीतीने मांडले. एखाद्या समाजाचा जननदर प्रामुख्याने चार गोष्टींवरून ठरतो. स्त्रिया किती वर्षे वैवाहिक जीवनात असतात, साधने किती आणि किती परिणामकारक रीतीने वापरली जातात, गर्भपाताचे प्रमाण काय, आणि अंगावर पाजण्यामुळे दोन बाळंतपणांत नैसर्गिक अंतर किती पडते. साधने ही या चार खांबांपैकी एक आहेत. एक खांब मोजून घराची उंची सांगता येत नाही.

गोव्याची वाट

गोव्याचे कोडे येथे सुटते. गोव्यात जन्मदर उतरवण्याचे मोठे काम लग्नाच्या वयाने केले. पहिल्या सर्वेक्षणाच्या वेळी गोव्यातील मुलींचे लग्नाचे सरासरी वय २५ वर्षांच्या आसपास होते, तर देशाचे विशीच्या आसपास. पंचविसाव्या वर्षी लग्न झालेल्या स्त्रीच्या आयुष्यातून प्रजननक्षम काळाची पहिली सात-आठ वर्षे आधीच वजा झालेली असतात. त्यासाठी कोणतेही साधन लागत नाही आणि कोणत्याही सर्वेक्षणातील साधनांच्या रकान्यात त्याची नोंद होत नाही.

हे वय एका दिवसात वाढले नाही. गोव्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, आफ्रिकेला, आगबोटींवर नोकरीसाठी जात. बस्तान बसल्यावर लग्न, असा रिवाज अनेक घरांत रुजला. १९६१ च्या मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या. त्यांतील बहुसंख्य शाळा मराठी माध्यमाच्या होत्या, हे आपल्यासारख्या मराठी शाळेत सांगताना मला विशेष आनंद होतो. १९९१ मध्ये गोव्यातील स्त्रियांची साक्षरता ६७ टक्के झाली होती, देशाची होती ३९. जन्मलेले मूल जगेल याची खात्रीही तेथे अधिक होती. ज्या आईची मुले जगतात, तिला हाताशी एक-दोन जास्त असावीत असे वाटत नाही.

म्हणून तेथे निम्म्याहून कमी जोडप्यांनी साधने वापरूनही जननदर दोनच्या खाली गेला. साधनांनी तेथे शेवटचे काम केले. पहिले काम शाळेने, नोकरीने आणि दायांनी, डॉक्टरांनी केले होते.

पंजाबचे उत्तरही याच धर्तीचे आहे. तेथे साधनांचा वापर मोठा होता, पण अनेक जोडपी तीन किंवा अधिक मुले झाल्यावर, त्यांत मुलगा आल्यावर, शस्त्रक्रियेकडे वळत. चौथ्या मुलानंतर केलेली शस्त्रक्रिया आणि दुसऱ्यानंतर केलेली शस्त्रक्रिया सर्वेक्षणात सारखीच एक म्हणून मोजली जाते. जन्मदरावर त्यांचा परिणाम मात्र सारखा नसतो. ‘किती जोडपी’ यापेक्षा ‘कितव्या मुलानंतर’ हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आंध्रची वाट

आता आपल्या घरचे पाहू. आंध्र प्रदेश हे या शास्त्राच्या अभ्यासकांना पडलेले कोडेच होते. १९९१ मध्ये राज्यातील स्त्री-साक्षरता ३३ टक्क्यांच्या आत होती, म्हणजे देशाच्या सरासरीहूनही कमी. बालमृत्यूचे प्रमाण हजारी ७३ होते, केरळात ते १६ होते. मुलींची लग्ने पंधराव्या-सोळाव्या वर्षी होत. पुस्तकी नियमाने पाहता येथील जननदर उतरायला आणखी एक पिढी लागायला हवी होती. तो पंधरा वर्षांच्या आत २.६ वरून १.८ वर आला.

हे शक्य झाले ते एका साधनामुळे, आणि ते साधन म्हणजे स्त्रियांची शस्त्रक्रिया. २००५-०६ मध्ये साधने वापरणाऱ्या ६८ टक्क्यांपैकी सुमारे ६३ टक्के या एकट्या मार्गाच्या होत्या. पुरुषांची नसबंदी होती सुमारे ३ टक्के. तांबी, गोळ्या, निरोध हे सगळे मिळून उरलेला चिमूटभर वाटा. त्यातही विशेष हे की शस्त्रक्रिया फार लवकर होत असे. सोळाव्या वर्षाच्या आसपास लग्न, विशीपर्यंत दोन मुले, आणि तेवीस-चोविसाव्या वर्षी ऑपरेशन. माझ्या प्रगणनेतील ती बावीस वर्षांची सून अपवाद नव्हती. ती त्या राज्याचा नियम होती.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे, कारण शस्त्रक्रिया स्त्रीच्याच वाट्याला का आली याचेही एक ऐतिहासिक कारण आहे. आरंभीच्या दशकांत भर पुरुषांच्या नसबंदीवर होता, कारण ती सोपी आणि कमी धोक्याची. १९७०-७१ मध्ये केरळातील एर्नाकुलम येथे झालेल्या शिबिरांत पुरुषांनी रांगा लावल्या. पहिल्या शिबिरात सुमारे १५ हजार, तर जुलै १९७१ च्या शिबिरात ६० हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख ६० हजार नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुतांश पुरुषांच्या आणि कित्येक सक्तीच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी उत्तर दिले. पुढच्या वर्षी हा आकडा दहा लाखांच्या आत आला. राजकारण्यांनी त्यातून एकच धडा घेतला : पुरुषाला हात लावायचा नाही. कार्यक्रम थांबला नाही, तो बायकांकडे वळवला गेला. आज साऱ्या देशाचे चित्र तेच आहे. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात स्त्रियांची शस्त्रक्रिया सुमारे ३८ टक्के आणि पुरुषांची अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती.

आंध्रचे यश केवळ दडपणाचे होते असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे त्या स्त्रियांवर अन्याय करणारे होईल. राज्यकर्त्यांनी या कार्यक्रमाला पाठबळ दिले. १९९७ मध्ये राज्याने स्वतःचे लोकसंख्या धोरण जाहीर केले. आरोग्यसेविका खेड्यापर्यंत पोचल्या. बचत गटांत बायका एकत्र येऊ लागल्या आणि एकीचे पाहून दुसरी धजू लागली. शेतीचे तुकडे होत चालले होते आणि मुलाला शिकवायचे तर खर्च होता, हे निरक्षर आईलाही कळत होते. तिने शाळा पाहिली नसली तरी मुलासाठी शाळा तिला हवी होती. दोन मुले पुरे हा निर्णय अनेकींचा स्वतःचा होता.

शासनयंत्रणेचा प्रभाव किती असतो, याचा पुरावा आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या नकाशावरच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी या संस्थानाचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्राला, मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्याला आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरला गेले. निजामी कारभार, दुष्काळ, जमीनदारी आणि निरक्षरता ही तिघांची समान मिळकत. तरी पुढे तेलंगणाचा जननदर झपाट्याने उतरला, आणि सीमेपलीकडचे रायचूर-गुलबर्गा पुष्कळ काळ कर्नाटकातील सर्वाधिक जननदराचे जिल्हे राहिले. पालमूर आणि रायचूर यांच्यामध्ये कृष्णा वाहते. दोन्ही काठांवरची माती सारखी, गरिबी सारखी. फरक होता तो दारात येणाऱ्या यंत्रणेचा. तेव्हा साधनांचा परिणाम होत नाही, असा निष्कर्ष माझ्या बोलण्यातून कोणी काढू नये. परिणाम होतो आणि मोठा होतो. खन्नाला गोळ्या हरल्या, आंध्रात शस्त्रक्रिया जिंकली. कारण आंध्रातील आईला थांबायचे होते.

आकडा एक, आयुष्ये दोन

आता माझ्या टोचणीकडे येतो. २००५-०६ मध्ये गोवा आणि आंध्र हे एकाच आकड्यावर येऊन उभे राहिले. सरकारी अहवालात त्यांना एकाच स्तंभात, एकाच शाबासकीसह मांडता येते. परंतु त्या आकड्यामागची दोन आयुष्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा.

गोव्यातील स्त्री शाळेत गेली, कदाचित नोकरी केली, पंचविशीत लग्न केले, आणि मग तिला दोन मुले झाली. आंध्रातील स्त्रीला तीच दोन मुले विशीच्या आत झाली. २००५-०६ मध्ये आंध्रात २० ते २४ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, गोव्यात हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते. किशोरवयातील बाळंतपणाचा धोका तिने सोसला. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवण्याचे साधन तिला फारसे कोणी सांगितले नाही, कारण सगळा भर कायमच्या उपायावर होता. एखादे मूल पुढे दगावले, नवरा गेला आणि दुसरा संसार मांडावा लागला, तर परतीचा मार्ग जवळजवळ बंद. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट उघड झाली. गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात सुमारे ३ टक्के असताना आंध्रात ते ९ टक्क्यांच्या जवळ आणि तेलंगणात ८ टक्क्यांच्या जवळ होते. याची कारणे अनेक आहेत, आणि सगळा दोष नसबंदीवर टाकणे शास्त्रीय होणार नाही. पण तरुण वयातच मातृत्व ‘उरकलेल्या’ स्त्रीच्या गर्भाशयाकडे नको असलेली वस्तू म्हणून पाहणे समाजाला आणि वैद्यकाला किती सोपे जाते, याचा विचार आपण केला पाहिजे.

माझा निष्कर्ष एका वाक्यात सांगायचा तर असा : संततिनियमनाचे साधन जन्मदर किती उतरेल हे सांगू शकते, पण तो उतरताना स्त्रीच्या हाती काय आले हे सांगू शकत नाही. ते लग्नाच्या वयावर, शिक्षणावर आणि निवडीसाठी समोर किती साधने ठेवली यावर अवलंबून असते. रघुनाथरावांनी ज्या क्रमाने प्रश्न मांडला होता, तो क्रम सोडल्याची ही किंमत आहे.

हा केवळ गतकाळाचा प्रश्न नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवले. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. जन्मदर उतरवलेल्या दक्षिणेकडील राज्यांना आपल्या जागा कमी होतील अशी धास्ती वाटू लागली. ज्या आंध्राने १९९४ मध्ये दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांना पंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरवले होते, त्याच आंध्राच्या विधानसभेने २०२४ च्या नोव्हेंबरात तो नियम रद्द केला. अधिक मुले होऊ द्या, असे आवाहन राज्यकर्तेच करू लागले. काल ‘थांबा’ म्हणणारे आज ‘वाढवा’ म्हणतात. दोन्ही वेळा बोलणारे तेच आणि ऐकणारी तीच. तिचे काय म्हणणे आहे, हे विचारण्याची वेळ अजून आलेली नाही. आणि लग्नाचे वय? २०१९-२० मध्ये आंध्रात अजूनही सुमारे २९ टक्के मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. जननदराची शर्यत जिंकूनही तीस वर्षांपूर्वीचा हा धडा अर्धाच गिरवून झाला आहे.

उपसंहार

शेवटी पुन्हा बाईंकडे वळतो. आठवी-नववीतील एखादी मुलगी चार-सहा दिवस शाळेत आली नाही की बाई संध्याकाळी तिच्या घरी जात. पुष्कळदा स्थळ आलेले असे. बाई वाद घालत नसत. ‘मॅट्रिक होऊ द्या, मग मीच स्थळ पाहते,’ एवढेच म्हणत. काही घरांत त्यांना चहाही मिळाला नाही. काही मुली गेल्याच. पण कित्येक राहिल्या, आणि त्यांतील काही आज या सभागृहात नातवंडांसह बसल्या आहेत. कुटुंबनियोजनावर बाईंनी आयुष्यात कधी भाषण केले नाही. त्या काळी मुख्याध्यापिकेने तसे बोलणे रुचलेही नसते. परंतु या शहराच्या जन्मदराचा हिशेब कोणी मांडला, तर त्यांनी लांबवलेली ती दोन-तीन वर्षे त्यात धरावी लागतील. साधनांच्या रकान्यात ती सापडणार नाहीत.

अंबरपेठेतील त्या सुनेला दोन मुली होत्या. एक पाळण्यात होती, दुसरी माझ्या हातातल्या कागदांकडे टक लावून पाहत होती. त्या मुली आता चाळिशीकडे झुकल्या असतील. त्या शाळेत गेल्या का, त्यांची लग्ने कोणत्या वयात झाली, आणि किती मुले हवीत हे त्यांना कोणी विचारले का, या प्रश्नांची उत्तरे माझ्या पत्रकात नाहीत. ती देण्याची जबाबदारी जनगणनेपेक्षा शाळांची अधिक आहे. आपल्या शाळेने ती एके काळी उत्तम रीतीने पार पाडली. वर्गातील पट आज घटला असला, तरी आलेली एकही मुलगी अर्ध्यावरून जाणार नाही एवढे पाहणे आपल्या हाती आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी काही योजना आखली, तर बाईंच्या स्मृतीला ते साजेसे होईल.